व्यावसायिक राउटरमधील स्मृतीचे प्रकार व विस्तार-घटक : वरंध–महाड परिसराच्या गरजांच्या अनुषंगाने एक विवेचन

प्रस्तावना :

महाडहून बिरवाडीमार्गे भोरकडे जाणारा रस्ता वरंध गाव सोडल्यावर घाट चढू लागतो. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात आणि वाहतूक अनेकदा बंद ठेवावी लागते. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या आंबेनळी घाटाची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. दिनांक २२ जुलै २०२१ रोजी वरंध घाटालगतच्या तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच सुमारास सावित्री व गांधारी या नद्यांच्या पुराने महाड शहर वेढले गेले होते आणि वीज व दूरसंचार या दोन्ही सेवा विस्कळीत झाल्या होत्या.

एवढ्या मोठ्या आपत्तीपुढे एखाद्या कार्यालयाच्या कपाटातील राउटर ही अगदीच क्षुल्लक वस्तू होय. तथापि वीज परत आल्यानंतर बँकेची शाखा, रुग्णालय, तहसील कार्यालय, महाविद्यालय किंवा महाड औद्योगिक वसाहतीतील कारखाना पुन्हा बाहेरच्या जगाशी जोडला जाणार की नाही, हे त्या पेटीला वीज जाण्यापूर्वीचे काय आठवते यावर अवलंबून असते. अभियंता पुण्याहून किंवा मुंबईहून यावयाचा आणि घाट बंद असायचा, अशा वेळी जबाबदारी साहजिकच संगणक विषय शिकविणाऱ्या प्राध्यापकावर येऊन पडते. वाणिज्य शाखेचा प्राध्यापकही अशा वेळी सुटत नाही, हा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी या परिसरातील एका संस्थेत घडलेला प्रसंग येथे नमूद करणे आवश्यक वाटते. रात्रभर वीज नव्हती. सकाळी ती आली, राउटरचे दिवे नेहमीप्रमाणे लागले, परंतु एकाही संगणकावर इंटरनेट सुरू होईना. राउटरला कन्सोल केबल जोडून पाहिले असता, प्राथमिक मांडणी करावयाची आहे काय, असा प्रश्न पडद्यावर उमटला होता. कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोऱ्या यंत्राने विचारावा तसा तो प्रश्न होता. पुरवठादाराने दूरध्वनीवरूनच निदान केले की राउटरची मेमरी गेली आहे, नवी टाकावी लागेल. दरपत्रकही त्याच दिवशी आले. संस्थेतील कोणीही एक साधा प्रश्न विचारला नाही : कोणती मेमरी? या प्रश्नाचे उत्तर देणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राउटरमधील चार स्मृती :

घरगुती संगणकाच्या संदर्भात मेमरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रॅमची पट्टी येते. व्यावसायिक राउटरमध्ये मात्र स्मृती एक नसून किमान चार आहेत आणि प्रत्येकीचे काम व स्वभाव भिन्न आहेत. येथे सिस्को कंपनीच्या राउटरचे उदाहरण घेतले आहे, कारण आपल्याकडील अभ्यासक्रमांत व प्रयोगशाळांत तेच अधिक परिचित आहेत.

पहिली स्मृती रॉम. यंत्राला वीज मिळताच स्वतःची तपासणी करणारी व पुढची आज्ञावली कोठे आहे ते शोधणारी अगदी छोटी आज्ञावली येथे असते. मुख्य कार्यप्रणाली सापडली नाही तर यंत्र रॉममॉन नावाच्या आणीबाणीच्या अवस्थेत थांबते, तीही याच स्मृतीची देणगी. दुसरी फ्लॅश. राउटरची मुख्य कार्यप्रणाली, म्हणजे आयओएस, फाइलच्या रूपाने येथे साठविलेली असते. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. तिसरी एनव्हीरॅम. आकाराने ही फारच लहान. पंचवीसशे व सव्वीसशे या जुन्या मालिकांत ती केवळ ३२ किलोबाइट होती. परंतु संस्थेच्या दृष्टीने सर्वांत मोलाची हीच, कारण राउटरची जतन केलेली मांडणी, म्हणजे कोणत्या जोडणीला कोणता पत्ता, कोणता मार्ग, कोणता परवलीचा शब्द, हे सर्व येथे राहते. काही जुन्या यंत्रांत ही स्मृती एका लहानशा विद्युतघटाच्या आधारे टिकवून ठेवलेली असे.

चौथी डीरॅम. यंत्र चालू असताना जे काही घडते ते सर्व या स्मृतीत घडते. मार्गांची सारणी, शेजारच्या यंत्रांचे पत्ते, अंतर्गत पत्त्यांचे बाह्य पत्त्यांत रूपांतर करणाऱ्या नोंदी, चालू मांडणी आणि पुढे पाठविण्यासाठी थांबलेली पॅकेटे येथेच असतात. वीज गेली की हे सर्व क्षणात नाहीसे होते.

ही विभागणी एकदा ध्यानात आली की संस्थांत वारंवार होणाऱ्या एका चुकीचा उलगडा होतो. राउटरच्या मांडणीत केलेला बदल तत्काळ लागू होतो, पण तो डीरॅममधील चालू मांडणीत होतो. तो एनव्हीरॅममध्ये उतरविण्यासाठी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ही आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. ती न देता अभियंता निघून गेला तर यंत्र कित्येक महिने बिनतक्रार चालते. अविरत वीज असलेल्या महानगरातील इमारतीत ही चूक वर्षभर उघडकीस येणार नाही. आपल्याकडे ती पहिल्याच वादळात उघडकीस येते.

एका यंत्राचा हिशोब :

अठराशे, अठ्ठावीसशे व अडतीसशे या मालिका सिस्कोने २००४ साली बाजारात आणल्या. त्यांतील १८४१ हा राउटर पॅकेट ट्रेसर या शैक्षणिक सॉफ्टवेअरमध्ये आजही उपलब्ध असल्याने वाचकांना पुढील हिशोब स्वतः पडताळून पाहता येईल. तेथे 'शो व्हर्जन' ही आज्ञा दिली असता स्मृतीविषयी '११४६८८के/१६३८४के' असे दोन आकडे दिसतात. अनेकांना पहिला आकडा एकूण स्मृतीचा व दुसरा वापरलेल्या स्मृतीचा वाटतो. तसे नाही. दोहोंची बेरीज १,३१,०७२ किलोबाइट, म्हणजे बरोबर १२८ मेगाबाइट होते. यंत्राने आपल्या एकाच डीरॅमचे दोन वाटे केले आहेत. ११२ मेगाबाइट मुख्य प्रक्रियेसाठी आणि १६ मेगाबाइट ये-जा करणाऱ्या पॅकेटांसाठी. म्हणून यंत्रात किती रॅम आहे, असे नोंदवहीत लिहावयाचे असल्यास बेरीज लिहावी. भांडार पडताळणीच्या वेळी ११२ मेगाबाइटची नोंद पाहून १६ मेगाबाइट कोठे गेले, असा आक्षेप निघू शकतो.

त्याच पडद्यावर एनव्हीरॅम १९१ किलोबाइट व फ्लॅश ६३,४८८ किलोबाइट, म्हणजे ६२ मेगाबाइट दिसते. आता 'शो फ्लॅश' ही आज्ञा दिल्यास कार्यप्रणालीच्या फाइलचा आकार ३,३५,९१,७६८ बाइट असल्याचे कळते. ३२ मेगाबाइट म्हणजे ३,३५,५४,४३२ बाइट. यंत्रात ३२ मेगाबाइटचे कार्ड असेल तर ही फाइल अवघ्या ३७,३३६ बाइटांसाठी त्यात मावणार नाही. सदतीस हजार बाइट म्हणजे मराठी मजकुराची दहा-बारा पानेही नव्हेत! परंतु तेवढ्यासाठी मोठे कार्ड घेणे भाग पडते.

फाइलच्या नावात 'एमझेड' ही दोन अक्षरे असतात, त्यांकडेही लक्ष द्यावे. 'एम' म्हणजे ही आज्ञावली रॅममधून चालते आणि 'झेड' म्हणजे ती दाबून लहान केलेली आहे. यंत्र सुरू होताना ती फ्लॅशमधून उचलली जाते, डीरॅममध्ये उलगडली जाते आणि तेथूनच चालविली जाते. याचा अर्थ असा की फ्लॅशवरील फाइल वाढली की डीरॅमची गरजही वाढते, आणि उलगडलेला आकार मूळ फाइलहून मोठा असल्याने ती अधिक प्रमाणात वाढते. पंचवीसशे मालिकेतील यंत्रे याला अपवाद होती. त्यांत कार्यप्रणाली थेट फ्लॅशमधूनच चालत असल्याने डीरॅम थोडी पुरे, पण चालू असताना त्या फ्लॅशवर नवी फाइल उतरविणे ही कसरतच असे.

मेमरी गेली नव्हती :

आता प्रस्तावनेतील प्रसंगाकडे वळू. राउटरने प्राथमिक मांडणीचा प्रश्न विचारला होता, म्हणजे रॉम ठीक होती, फ्लॅशमधून कार्यप्रणाली उचलली गेली होती आणि ती डीरॅममध्ये उलगडून चालतही होती. चारांपैकी तीन स्मृती कामावर हजर होत्या. शंका फक्त एनव्हीरॅमची. 'शो स्टार्टअप-कॉन्फिग' ही आज्ञा दिली तेव्हा संपूर्ण मांडणी ओळीन् ओळ पडद्यावर आली. ती गेलेलीच नव्हती. यंत्राने ती वाचली नव्हती.

कारण 'शो व्हर्जन'च्या शेवटच्या ओळीत होते. तेथे कॉन्फिगरेशन रजिस्टर म्हणून एक षोडशमान संख्या असते. ती सामान्यतः २१०२ असावयास हवी. येथे ती २१४२ होती. या दोहोंतील फरक षोडशमान ४०, म्हणजे द्विमान पद्धतीतील सहावा बिट. हा बिट लावलेला असेल तर राउटर सुरू होताना एनव्हीरॅमकडे दुर्लक्ष करतो. परवलीचा शब्द विसरला असता यंत्रात शिरण्याची ही अधिकृत वाट आहे. कोणीतरी ती वापरली होती, काम झाल्यावर मांडणीही नीट जतन केली होती, पण रजिस्टर पूर्ववत करावयाचे राहून गेले होते. पुढे वीज अशी पूर्ण गेलीच नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात आले नाही. जतन केलेली मांडणी चालू मांडणीत उतरविली, बंद दिसणारे इंटरफेस 'नो शटडाउन' देऊन सुरू केले, रजिस्टर २१०२ केले आणि पुन्हा जतन केले. या कामाला दहा मिनिटे लागली. दरपत्रक फाइलमध्ये लावून ठेवले आहे.

विस्तार-घटक आणि त्यांची साखळी :

व्यावसायिक राउटरची किंमत घरगुती राउटरच्या कितीतरी पट असते, त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे त्यातील रिकाम्या खाचा. या खाचांत निरनिराळी कार्डे बसवून यंत्राला नवी कामे देता येतात. लहान आकाराचे विक कार्ड व त्याची वेगवान आवृत्ती एचविक ही बाहेरील जोडणीसाठी; मोठ्या आकाराचे नेटवर्क मॉड्यूल अनेक पोर्टांसाठी किंवा स्वतंत्र सेवेसाठी; पेटीच्या आत बसणारे एम हे सांकेतिकीकरणासारख्या जड कामाचा भार मुख्य प्रक्रियकावरून उतरविण्यासाठी; आणि पीव्हीडीएम हे ध्वनीचे पॅकेटांत रूपांतर करण्यासाठी. १८४१ मध्ये दोन एचविक खाचा व एक एम खाच आहे. २८११ मध्ये चार एचविक खाचा, एक नेटवर्क मॉड्यूलची खाच, दोन एम व दोन पीव्हीडीएम खाचा आहेत. पीव्हीडीएमची पट्टी दिसावयास रॅमच्या पट्टीसारखीच असते. झाकण उघडणाऱ्याने रिकामी खाच पाहून, येथे अजून मेमरी बसेल, असा समज करून घेऊ नये.

या कार्डांचे महत्त्व आपल्या भागात कसे बदलत गेले हे पाहणे उद्बोधक आहे. केंद्र शासनाच्या २००५ च्या राज्यव्यापी जाल योजनेत राज्य मुख्यालयापासून जिल्हा व तालुका मुख्यालयापर्यंत किमान २ मेगाबिट क्षमतेची जोडणी अपेक्षित होती. अशा भाडेतत्त्वावरील वाहिनीसाठी राउटरमध्ये सीरियल पोर्टाचे विक कार्ड अत्यावश्यक असे. एखाद्या कारखान्याची मुंबईतील मुख्य कचेरीशी असलेली जोडणीही त्याच प्रकारची. पुढे ब्रॉडबँड व प्रकाशतंतू आले, जोडणी साध्या इथरनेटवर मिळू लागली आणि ही कार्डे निरुपयोगी ठरली. आज जुन्या यंत्रांत ती जागा अडवून बसलेली दिसतात.

नवे कार्ड घेताना त्याची किंमत केवळ कार्डापुरती नसते, ही बाब खरेदी समितीपुढे क्वचितच मांडली जाते. कार्ड ओळखण्यासाठी कार्यप्रणालीची विशिष्ट किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. नवी आवृत्ती आकाराने मोठी असते म्हणून फ्लॅश वाढवावी लागते. ती उलगडण्यास अधिक जागा हवी म्हणून डीरॅम वाढवावी लागते. शिवाय नव्या पोर्टांतून येणाऱ्या पॅकेटांसाठी डीरॅममधील दुसरा वाटाही वाढवावा लागू शकतो. तीन दरपत्रके मागवून सर्वांत स्वस्त कार्ड निवडले आणि ते यंत्राने ओळखलेच नाही, अशी वेळ येते ती याच साखळीमुळे. तसेच १८४१ व २८११ यांसारख्या यंत्रांत विक कार्डे वीज बंद करूनच काढावी अथवा घालावी लागतात. चालू यंत्रात कार्ड बदलण्याची सोय मोठ्या मालिकांतील काही घटकांपुरतीच होती.

स्मृती वाढवावी केव्हा?

इंटरनेट हळू चालते, सबब राउटरची मेमरी वाढवावी, असा ठराव अनेक ठिकाणी होतो. लेखकाच्या मते हा ठराव बहुधा चुकीचा असतो. राउटरच्या बाबतीत स्मृती पुरते किंवा पुरत नाही. पुरत असताना ती दुप्पट केल्याने वेग वाढत नाही. वेग ठरतो तो वाहिनीच्या क्षमतेवर व प्रक्रियकावर. पत्तारूपांतराच्या दहा हजार नोंदींनाही काही मेगाबाइटच लागतात, त्यामुळे तीन-चारशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात केवळ वापरकर्ते वाढले म्हणून १२८ मेगाबाइट संपणे अवघड आहे.

निर्णय घेण्यापूर्वी 'शो मेमरी' या आज्ञेच्या आरंभीचा तक्ता पाहावा. त्यात एकूण, वापरलेली व मोकळी स्मृती यांखेरीज आणखी दोन स्तंभ असतात. एक, यंत्र सुरू झाल्यापासून मोकळी स्मृती कमीत कमी किती उरली होती. दुसरा, सलग मोकळा असा सर्वांत मोठा तुकडा किती आहे. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या दिवसांत पहिला आकडा टिपून ठेवला तर त्याहून चांगला पुरावा नाही. मोकळी स्मृती पुष्कळ पण सलग तुकडा लहान असेल, तर अडचण विखुरलेपणाची आहे. नोंदींमध्ये 'मॅलॉकफेल' असा संदेश येऊ लागला तर मात्र स्मृती खरोखर अपुरी पडत आहे किंवा आज्ञावलीतील दोषामुळे गळत आहे, असे समजावे. गळतीवर नवी पट्टी हा उपाय नव्हे. ती भरावयास थोडे अधिक दिवस लागतील इतकेच.

स्मृती खरोखर अपुरी पडल्यास काय होते याचे जागतिक उदाहरण १२ ऑगस्ट २०१४ रोजी घडले. त्या दिवशी इंटरनेटवरील मार्गांच्या सारणीने ५,१२,००० नोंदींची मर्यादा ओलांडली. मोठ्या राउटरांत मार्ग शोधण्यासाठी टीकॅम नावाची अतिशय वेगवान, महाग आणि मर्यादित स्मृती असते. त्या काळी प्रचलित असलेल्या काही यंत्रांत तिचा जुन्या पत्तापद्धतीसाठी राखलेला वाटा मुळात तेवढाच होता. तो भरताच उरलेले मार्ग मुख्य प्रक्रियकाच्या माथी आले आणि अनेक देशांत सेवा मंदावल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्यांतील बऱ्याच यंत्रांत एकूण टीकॅम पुरेशी होती, फक्त वाटणी बदलून यंत्र पुन्हा सुरू करावयाचे होते. आज ही सारणी नऊ लाखांच्या पुढे गेली आहे. महाड किंवा पोलादपूर येथील महाविद्यालयाला तिची गरजच नाही. बाहेर जाण्याचा रस्ता एकच असल्याने एका मूलभूत मार्गाची नोंद पुरते.

वीज, दमट हवा आणि जुनी यंत्रे :

मार्च २०१४ मध्ये सिस्कोने आपल्या ग्राहकांना एक सूचना दिली. एकाच पुरवठादाराने २००५ ते २०१० या काळात बनविलेल्या स्मृतिघटकांत दोष असून, दीर्घकाळ चालू असलेले यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले असता ते सुरू न होण्याची शक्यता आहे, असा तिचा आशय होता. यंत्र चालू असेतोवर दोष प्रकट होत नाही; वीज जाऊन आली की होतो. त्या काळातील यंत्र प्रयोगशाळेत असेल आणि विजेच्या खेळखंडोबानंतर ते गप्प झाले असेल, तर हीही शक्यता तपासावी. त्याआधी पट्टी काढून तिचे संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा नीट बसवावी. आपल्याकडील चार महिन्यांच्या ओलाव्यात हा उपाय अनेकदा पुरेसा ठरतो.

कार्यप्रणालीची नवी फाइल फ्लॅशवर उतरत असताना वीज जाणे हा याहून मोठा धोका होय. जुनी फाइल आधीच पुसलेली असेल तर यंत्र रॉममॉनमध्ये थांबते. तेथून कन्सोल केबलद्वारे एक्समोडेम पद्धतीने फाइल चढविता येते, परंतु नेहमीच्या ९६०० बिट प्रति सेकंद या वेगाने वर उल्लेखिलेली फाइल जावयास सुमारे पावणेदहा तास लागतात. हाच वेग आधी १,१५,२०० केल्यास पाऊण तासाहून थोड्या अधिक वेळात काम होते. यास्तव कार्ड दोन फाइली मावतील एवढे मोठे घ्यावे, नवी फाइल सिद्ध झाल्याखेरीज जुनी पुसू नये आणि हे काम जुलै महिन्यात काढू नये.

१८४१ सारख्या यंत्रांना निर्मात्याचा आधार आता उरलेला नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ती इंटरनेटच्या तोंडावर ठेवणे योग्य नव्हे; अध्यापनासाठी मात्र झाकण उघडून दाखविता येण्याजोगे याहून चांगले साधन नाही. अलीकडील चार हजार मालिकेत नियंत्रणाची व वाहतुकीची कामे वेगळी केली असून ४३२१ या यंत्रात मुळातच ४ गिगाबाइट डीरॅम असते. लहान संस्था आता मायक्रोटिकसारखी स्वस्त यंत्रे घेतात. त्यांत केलेला बदल आपोआप जतन होतो, त्यामुळे जतन करावयाचे राहून जाण्याचा प्रश्न मिटतो. परंतु त्याचबरोबर झालेली चूकही तत्काळ कायम होते. शिवाय अशा यंत्रांत स्मृती पटलावरच डाकलेली असल्याने ती पुढे वाढविता येत नाही. १६ मेगाबाइट फ्लॅश असलेल्या लहान यंत्रांवर कार्यप्रणालीची सातवी आवृत्ती चढविताना जागा कमी पडते, असा अनुभव वापरकर्त्यांना येऊ लागला आहे. त्यामुळे अशा खरेदीच्या मागणीपत्रात पोर्टांची संख्या व वेग यांच्या जोडीला डीरॅम व फ्लॅश यांचे किमान आकडे स्वतंत्र ओळींत लिहावेत, आणि मांडणीची एक छापील प्रत यंत्राजवळ न ठेवता, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा वरच्या मजल्यावरील कपाटात ठेवावी.